मृत्यूचा रकाना

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी 'आजचा दिनविशेष' येतो. घटना, जन्म, मृत्यू. हैदराबादेत राहून मराठीशी नातं टिकवायचं म्हणजे आम्ही एवढंच करतो, दुसऱ्याच्या तारखा वाचतो. वाचतो तरी कसलं म्हणा. फोटो दिसला की केक पाठवायचा, नुसतं नाव दिसलं की हात जोडायचे, ही आमच्या ग्रुपची रीत आहे. तरुण पोरांना तर मराठी अक्षरं लावत बसायचा कंटाळा येतो. माझा भाचा तेजस नोकरीसाठी पुण्याहून इथं आला, तो तर शुद्ध मराठी घरातला, पण दोन ओळींच्या वर मजकूर गेला की म्हणतो, "मावशी, व्हॉइस नोट टाक ना."

हा दिनविशेष सुरू केला प्रशांतनं. प्रशांत एकनाथराव बिरादार. मलकपेठेत आमच्या खालच्या मजल्यावर तो आणि त्याची आई त्रिवेणीबाई राहायचे. एकनाथराव तो शाळेत असतानाच वारले. मूळचे हे लोक निजामाच्या राज्यातले शेतकरी, दोन पिढ्या इथल्या नोकऱ्यांत मुरलेले. पोरगा सरळ, जरा बावळटच म्हणा, लग्न करतो करतो म्हणत अडतीसचा झाला. पण तारखांचं वेड दांडगं. त्याची एक कल्पना मला फार आवडायची. थोरामोठ्यांच्या रकान्यांतच तो शेवटी आपली माणसं बसवायचा. लता मंगेशकरांच्या जन्माखाली आमच्या मंडळातल्या कुणाचा जन्म, कुठल्या शास्त्रज्ञाच्या मृत्यूखाली गौलीगुड्याच्या कुणा पानवाल्या काकांचा मृत्यू. "मावशी, तारीख काही माणूस बघून येत नाही," असं म्हणायचा.

आपल्या म्हाताऱ्यांच्या तारखा मिळवणं काही सोपं नाही. शाळेत घालताना मास्तरांनी ज्याला त्याला एक जून लावून टाकलेला, त्यामुळे निम्मं मंडळ एकाच दिवशी जन्मलेलं. प्रशांत घरोघरी जाऊन बसायचा. थोरल्या बहिणींना, आत्यांना विचारायचा, तेव्हा पेरणी झाली होती का, कुणाचं लग्न होतं का, मग जुनी पंचांगं काढून तिथीवरून तारीख पकडायचा.

मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब यांची तारीखही त्यानंच शोधली. आबासाहेबांचा बियाण्यांचा धंदा, आवाज मोठा, देणगी त्याहून मोठी. ग्रुपचे ॲडमिनही तेच. तेसुद्धा एक जूनवाले. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, मालनबाईंनी, प्रशांतला सांगितलं की पित्राच्या पंधरवड्यातली बीज होती, आजोबांचं श्राद्ध होतं, ब्राह्मण पानावर बसले होते आणि आतल्या खोलीत हा रडला. प्रशांतनं पंचांग चाळलं आणि तारीख निघाली अठ्ठावीस सप्टेंबर. आबासाहेब खूश झाले. लताबाईंचा वाढदिवस आपलाही, हे त्यांनी पुढं वर्षभर सगळ्यांना ऐकवलं. श्राद्धाचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्याच अठ्ठावीस सप्टेंबरला प्रशांत ऑफिसात खुर्चीवरून खाली पडला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. तोही पितृपंधरवडाच होता, एकादशी. सकाळी त्यानं आबासाहेबांच्या वाढदिवसासकट दिनविशेष टाकला होता. संध्याकाळी त्याच ग्रुपवर आबासाहेबांच्या केकचे फोटो आले आणि त्याच्या मधेच कुणीतरी अंत्ययात्रेची वेळ टाकली. दोन्हीला हात जोडलेले आले.

दिनविशेष थांबला नाही. प्रशांतनं वर्षभराचा मजकूर कॉम्प्युटरवर करून ठेवला होता. आबासाहेबांनी माणूस पाठवून त्रिवेणीबाईंकडून तो मागून घेतला आणि रोज सकाळी स्वतःच्या नावानं टाकू लागले. खाली 'संकलन: आबासाहेब'. मी चिडले होते, त्रिवेणीबाई नाही. त्या म्हणाल्या, "चालू दे गं रंजना. लेकराचं काम हाय. कोणाच्या बी नावानं चालू दे."

त्यांना हवी होती एकच ओळ. वर्ष भरेल त्या दिवशी मृत्यूच्या रकान्यात प्रशांतचं नाव. बाकी काही नाही. मागं बायको नाही, मूल नाही. वर्षश्राद्ध करायला परभणीहून पुतण्या येणार होता, तोही रजा मिळाली तर. "पिंड देनारा उधारीचा," त्या म्हणायच्या, "पर त्या रकान्यात तर त्यानं स्वतः साऱ्यांना बसवलं. त्याला बी तिथं जागा पायजे की." मुलाचा फोन त्यांनी बंद केला नव्हता. दर महिन्याला रिचार्ज करायच्या, देवघराशेजारच्या फळीवर चार्जरला लावून ठेवायच्या, आणि प्रशांत अजून ग्रुपमध्ये होता. सकाळी दिनविशेष आला की त्याच्या फोनवर टिंग व्हायचं आणि त्या हातातलं काम टाकून वाचायला जायच्या.

या वर्षी एकादशीची तिथी आली ती सतरा सप्टेंबरला. त्रिवेणीबाईंनी आठवडाभर आधी आबासाहेबांना फोन केला. मी शेजारी बसले होते, फोन स्पीकरवर होता.

"वहिनी, तुम्हीच विचार करा की," आबासाहेब म्हणाले. "सतरा सप्टेंबर म्हणजे मुक्तिसंग्रामाचा दिवस. झेंडावंदन, हुतात्म्यांची नावं. त्यात घरातलं मरण कसं घालायचं? आणि दिनविशेष तारखेनं चालतो. तिथीनं न्हाई. तुमच्या प्रशांतचाच नियम हाय हा."

"हौ, त्याचाच हाय," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "मंग अठ्ठावीसला घाला. तारखेनं."

"बघू की," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बघू की म्हणजे काय ते मला कळलं होतं, कारण अठ्ठावीसला आबासाहेबांचा अमृतमहोत्सव होता. नामपल्लीचा हॉल ठरला होता, पंच्याहत्तर दिव्यांचं औक्षण, मानपत्र, जेवायला हैदराबादी बगारा खाना आणि पुरणपोळी, दोन्ही संस्कृती खूश. माझा नवरा सुरेश मंडळाचा चिटणीस, त्याच्याकडे हॉलची व्यवस्था. त्रिवेणीबाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं, एका दिवशी दोन्ही राहू शकतं. प्रशांतच्या दिनविशेषात रोज राहायचंच ना.

वर्षश्राद्ध झालं. पुतण्या आला, घड्याळ बघत पिंड दिले, दुपारच्या गाडीनं गेला. दोन दिवसांनी त्रिवेणीबाईंनी पुन्हा फोन लावला.

"अहो वहिनी," आबासाहेबांचा आवाज आता गोड झाला होता, "वर्षश्राद्ध तिथीनं झालं की. सुटला तो. मेलेल्या माणसाचं तिथीनंच असतं, तारखेनं आपल्यात कोण करतं? वाढदिवस तारखेनं, श्राद्ध तिथीनं. आता परत अठ्ठावीसला कायकू?"

"तुम्हीच तर बोल्ले तारखेनं चालतं म्हनून."

"ते दिनविशेषाचं. हे मरणाचं."

मी मधे तोंड घातलं. म्हटलं, "आबासाहेब, तिथीला तारीख दाखवायची आणि तारखेला तिथी, म्हणजे त्या बाईनं जायचं कुठं?" ते हसले. "पुण्याच्या वकीलबाई, तुम्ही थांबा जरा." मी वकील नाही. सुरेशनं त्या रात्री मला ऐकवलं की पाहुण्याच्या काठीनं साप मारायला जाऊ नकोस. मी म्हटलं, साप कोण ते तुलाही ठाऊक आहे. तो जेवला आणि झोपला.

मग त्रिवेणीबाई स्वतः आबासाहेबांच्या घरी गेल्या. मला त्यांनी नेलं. सोफ्यावर न बसता त्या खाली सतरंजीवर बसल्या, ते मला सहन होईना. आबासाहेबांच्या समोर हाराच्या, शालीच्या नमुन्यांचा ढीग होता. त्यांनी चहा मागवला. त्रिवेणीबाईंनी कपाला हात लावला नाही.

"आबासाहेब, एक ओळ," त्या म्हणाल्या. "तुमचा जन्म वर राहू द्या, मोठ्या अक्षरात. खाली कोपऱ्यात माझ्या लेकराचं नाव. मी पाया पडते."

आणि खरंच पडल्या. पंच्याहत्तरीच्या माणसाच्या पाया पडायला त्यांना काही वाटलं नसेल, पण मला वाटलं. आबासाहेबांनी पाय मागे घेतले नाहीत.

"घट बसलेत वहिनी, नवरात्र चालू," ते म्हणाले. "माझी पंच्याहत्तरी. सकाळी सकाळी साडेचारशे लोकांच्या फोनवर माझ्या नावाखाली मृत्यू असा शब्द जाणार? अशुभ नाही का? तुमचं एकुलतं एक पोर गेलं, तुम्हाला आता शुभ-अशुभाचं काय. आम्हाला नातवंडं हायत."

खोलीत त्यांची सूनही होती. ती नमुन्याची शाल घडी करत राहिली. मला उठून कप फोडावासा वाटला. त्रिवेणीबाई मात्र खाली मान घालून म्हणाल्या, "तो शब्द नका टाकू. नाव टाका."

आबासाहेबांना हे आवडलं. त्यांनी थोडा विचार केला, मग सौदा पटल्यासारखी मांडीवर थाप मारली. मृत्यूचा रकानाच त्या दिवशी उडवायचा. त्याऐवजी 'आपली माणसं' असा एक नवा रकाना, त्यात आबासाहेब आणि खाली प्रशांत, दोघांचे फोटो. "फोटो बी टाकतो, वहिनी. आता तर खूश?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अक्का, हे बरोबर नाही. वाचणाऱ्याला कळणारच नाही तो गेला म्हणून."

"साऱ्यांना ठावं हाय गं," त्या म्हणाल्या. "खांदे दिलेत त्यांनी. फोटो बगितला की आठवन येईल." आणि मग रिक्षात बसल्यावर पहिल्यांदा जरा हसल्या. "निळ्या शर्टातला फोटो देऊ. हसतोय त्याच्यात."

अठ्ठावीसला रविवार होता. त्या आठवड्यात मुसीचं पाणी गौलीगुड्याच्या बसस्टँडात शिरलं होतं, ते नुकतंच ओसरत होतं आणि सगळ्या शहराला चिखलाचा वास येत होता. त्रिवेणीबाईंनी पहाटे आंघोळ करून प्रशांतच्या फोनला हळदकुंकू लावलं होतं. मी चहा घेऊन खाली गेले आणि आम्ही दोघी फळीसमोर बसलो. टिंग झालं.

दिनविशेष आला. घटना: १९०८, मुसी नदीला महापूर. प्रशांतच्या मजकुरात पुढं हजारो माणसं गेल्याचं लिहिलेलं होतं, ती माणसं आबासाहेबांनी कापून टाकली होती. जन्म: १९२९, लता मंगेशकर. मृत्यूचा रकाना नव्हता. लुई पाश्चर दरवर्षी या दिवशी मरायचा, या वर्षी त्यालाही परवानगी नव्हती. आणि शेवटी 'आपली माणसं'. फेटा बांधलेले आबासाहेब. त्याखाली निळ्या शर्टातला प्रशांत, हसणारा, नावासकट. आणखी एक अक्षर नाही. दोन्ही फोटोंना फुलांची चौकट होती.

त्रिवेणीबाईंनी स्क्रीनवर बोट फिरवलं. "आला," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, पण वर्षभरात मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता.

मग पहिला संदेश आला, तोही माझ्याच भाच्याचा. तेजसनं प्रशांतला कधी पाहिलेलं नव्हतं, तो मंडळात येऊन चारच महिने झाले होते. 'हॅपी बर्थडे आबासाहेब अँड प्रशांत भाई! पार्टी कब है?' खाली केक.

मी फोन काढून घ्यायला हात पुढं केला, पण त्रिवेणीबाईंनी तो घट्ट धरला होता. टिंग. 'दोन्ही उत्सवमूर्तींना उदंड आयुष्य लाभो.' टिंग. 'जुग जुग जियो.' टिंग. फुगे. टिंग. नाचणारा गणपती. एकानं टाकलं की दुसरा त्याखाली तेच चिकटवतो, वर जाऊन वाचत कुणी नाही. मग हेमंतचा आला. हेमंत प्रशांतच्या वर्गातला, स्मशानात मडकं फोडायला पुतण्याला हात देणारा तोच होता. 'आबासाहेब आणि प्रशांत, दोघंही शतायुषी व्हा.'

"हेमंत," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "हेमंत बी?"

मी आबासाहेबांना फोन लावला. मागं सनई वाजत होती. मी म्हटलं, लोक प्रशांतला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतायत, आत्ताच्या आत्ता एक ओळ टाका की तो गेलाय.

"बघितलं मी," ते म्हणाले. त्यांनी बघितलं होतं! "आज नाही वहिनी. आज तो शब्द माझ्या हातून जाणार नाही. उद्या दुरुस्ती टाकू. आणि बिघडलं काय? आशीर्वादच हायत." फोन बंद झाला. सुरेशला सांगितलं तर म्हणाला, ॲडमिन ते आहेत, मी टाकलं तर हॉलवर तमाशा होईल. मी स्वतः लिहून टाकलं, 'कृपया लक्षात घ्या, प्रशांत आपल्यात नाही.' एका मिनिटात ते आबासाहेबांनी पुसलं. ॲडमिनला तेवढा अधिकार असतो.

दुपारपर्यंत शुभेच्छा येत राहिल्या. एकानं तर प्रशांतच्या नंबरवर फोन केला. रिंग वाजत राहिली आणि आम्ही दोघी फोनकडे बघत राहिलो. त्रिवेणीबाई रडल्या नाहीत. मी रडले, रागानं. कुणाचं मरण लोक विसरतात ते मी समजू शकते, वर्ष झालं, माणसं कामात असतात. पण त्याच्या आईनं आठवण मागितली आणि तिच्या ओंजळीत हे टाकलं, याला माझ्याकडे माफी नाही.

औक्षणाची वेळ सहाची होती. त्याच्या थोडं आधी त्रिवेणीबाईंनी चष्मा लावला आणि प्रशांतचा फोन मांडीवर घेतला. मला म्हणाल्या, "रंजना, तू फक्त चुकलं तर सांग." एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत त्या लिहू लागल्या. मी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, दिनविशेष कसा लिहायचा ते त्यांना पोरानं दाखवलेलं होतं.

'आजचा दिनविशेष, २८ सप्टेंबर. जन्म: आबासाहेब. घरात आजोबांचं श्राद्ध चालू असताना. मृत्यू: प्रशांत एकनाथराव बिरादार, गेल्या वर्षी आजच्याच दिवशी, वय ३८. तुमच्या शुभेच्छा मिळाल्या. आता पुरे. संकलन: प्रशांतची आई.'

त्यांनी ते पाठवलं. वर नाव दिसत होतं प्रशांतचं, निळ्या शर्टातला तोच फोटो.

काही वेळानं सुरेशचा फोन आला, कुजबुजत. हॉलमध्ये एकदम सगळ्यांचे फोन वाजले म्हणाला. ताटातले दिवे पेटलेले, पाच सवाष्णी ओवाळायला उभ्या, आणि मेलेल्या माणसाचा मेसेज आला म्हणून एकीच्या हातातलं ताट कलंडलं. कुणी हात जोडले, कुणी ग्रुपवरचा आपला केक पुसायला लागलं. मालनबाईंना नातीनं वाचून दाखवलं तर त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हौ, खरंच हाय, पानं वाढली होती." हेमंत उठून बाहेर गेला. "आबासाहेब फोन मागतायत," सुरेश म्हणाला आणि घाईनं ठेवून दिला.

आम्ही वाट बघत बसलो. आता तरी ते दोन शब्द लिहितील असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या फोनवर टिंग झालं, ग्रुपवर कुणीतरी हात जोडले होते. प्रशांतच्या फोनवर झालं नाही.

त्याच्या वर, मधोमध, बारीक करड्या अक्षरांत, ओळ होती: 'आबासाहेब यांनी प्रशांत यांना काढून टाकले.'

त्रिवेणीबाईंनी ती मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बग. आज तारीख अठ्ठावीस. टाकली की गं ओळ शेवटी त्यांनी."

त्या उठल्या. प्रशांतचा फोन फळीवर ठेवला आणि चार्जरची पिन काढून वायर गुंडाळून डब्यात टाकली.